डब्यातली हिरव्या साडीवाली

३ नोव्हेंबर

दाब १४६/९०.

महामाया, माही पोरगी, मेहकरले दवाखान्यात नर्स हाय. तिनं हे दाब मोजाचं यंत्र धाडलं आन संगं ही डायरी. "आई, रोज मोजाचा आन रोज लिहाचा." मोजला, लिहला. पन दोन आकड्यांसाठी एवढं मोठं पान वाया घालवणं माह्याच्यानं होत नाही, म्हून उरलेल्या जागेत डोक्यात हाय ते लिहते. माह्यं शिक्षण सातवीपर्यंत. कोण्या मास्तरानं वाचून चुका काढू नये. वाचूच नये.

दाब काऊन वाढला ते मले यंत्राशिवाय माहीत हाय. कारण भिंतीपलीकडंच राहते. धम्मशीला, माही जाऊ. यायच्या लहान भावाची बायको. 'हे' म्हंजे माहे मालक. नाव लिहत नाही. तोंडातून निघत नाही तं हातातून कसं निघंल?

धम्मशीलाच्या पोरानं, प्रसेनजितनं, पुण्यावरून तिले रेकॉर्डिंगवाला डबा घेऊन देला. आमच्या पिंपळगावात साडेसहाले लाईट जाते ते नऊले येते. मालिका, बातम्या, कबड्डी, सगळं नेमकं तवाच. तिच्या घरी लहानसा इन्व्हर्टर हाय, त्याच्यावर टीव्ही चालत नाही पन डबा चालते. अंधारात डबा सगळं भरून ठेवते आन दुसऱ्या दिवशी दुपारी ही बाई बटन दाबून लोकायले वाढते, जशी पंगतच. सारी गल्ली तिच्या ओसरीवर. माह्या ओसरीवर मांजर बी बसत नाही.

आन दोनच्या ठोक्याले हे बी तिकडंच. चहा बी तिथंच.

५ नोव्हेंबर

दाब १५०/९२.

मागच्या वर्षीचं लिहून टाकते, म्हंजे डोक्यातून जाईल.

टीव्हीवाले आलते गावात. बायायचा कार्यक्रम. विहाराच्या अंगणात खुर्च्या टाकल्या, माईक लावला, दिवसभर बाया बसवल्या. माही साडी पांढऱ्यावर, तं म्हणे, आजी, पांढरं चमकते, दुसरी नेसा. धम्मशीला पळत गेली आन तिची हिरवी साडी घेऊन आली. नेसली. काय करता.

ती बचत गटावर बोलली. बोलली म्हंजे काय, बारावी शिकेल बाई, थांबतच नव्हती. मंग आम्हाले म्हणे, उखाणा घ्या. मी घेतला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा यायचं नाव तोंडातून काढलं, ते बी सगळ्या गावासमोर, माईकात. हे मागं लिंबाखाली उभे होते. कान लाल झालते यायचे, मी पाह्यलं.

आन रविवारी दाखवलं तवा धम्मशीलाच धम्मशीला. हात जोडून येते, हात जोडून जाते, तिनं बी हिरवीच साडी काढली होती त्या दिवशी, एकसारख्या दोन हायेत तिच्याजवळ. मी कुठंच नाही. कापलं. सातवीवालीले कोण दाखवते?

सारी गल्ली धम्मशीलाच्या ओसरीवर पाह्यत होती. मी तिथूनच उठली आन सगळ्यायले सांगतलं, आजपासून माह्यासमोर त्या कार्यक्रमाचं नाव काढाचं नाही. जो काढंल त्याच्या घरचं पाणी पिणार नाही. पुढच्या रविवारी बी त्यायचं काही उरलंसुरलं दाखवणार होते म्हणे, पन मी सोमवारीच महामायेच्या बाळंतपणाले मेहकरले गेली, ती सव्वा महिना तिकडंच. वापस आली तं गल्लीतल्या बाया मले पाहून तोंडाले पदर लावत. हासा म्हणलं. कापलेल्या बाईले हासालेच पाह्यजे.

धम्मशीला दोनतीनदा आलती, "बाई, ऐका ना, त्या कार्यक्रमात..." मी तोंडावर दार लावलं.

९ नोव्हेंबर

दाब १६४/९८. यंत्र खराब असंल.

विमलबाई समोर राहते. तिच्या तोंडाले झाकण नाही. आज दळण घेऊन चालली होती, थांबली.

"तानाबाई, तुमचे बुढे त्या डब्यात काय पाह्यतेत, माहीत हाय काय?"

"कबड्डी."

"कबड्डी!" असं म्हणून बाई दळणाचा डबा खाली ठेवून हासली. "अवं, आम्ही मालिका पाहून उठतो, तवा ते रिमोट घेतेत. हिरव्या साडीवाली येते. बोलते. हे हासतेत. मंग मागं नेतेत. पुन्हा येते, पुन्हा हासतेत. एकटेच."

"कोण हिरव्या साडीवाली?"

"आता ते मी काऊन सांगू? माह्या घरचं तुमचं पाणी तोडाचं हाय काय मले? जाऊन पाहा."

हिरवी साडी कोणाची हाय ते मले कोणी सांगाले नको.

संध्याकाळी यायले विचारलं. "काय पाह्यता तिथं रोज?"

"कबड्डी."

"कबड्डीत बाया असतेत काय?"

"आजकाल असतेत."

"साड्या नेसून?"

हे भाकरीकडं पाह्यत बसले. बेचाळीस वर्षांत या माणसाले खोटं बोलता आलं नाही, आन आता या वयात शिकून राह्यले.

१० नोव्हेंबर

मोजला नाही.

आरशात पाह्यलं. आरसाच जुना झाला. तिचे दात सगळे जागेवर हायेत. माह्ये पुढचे दोन गेले. ती केसाले काळं लावते. लावू दे, पन भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, पदर सुदा सावरत नाही, दादा दादा करत चहा देते, ते कशाले? लोकाच्या घरच्या चहात साखर कमी असली तं हे बोलत नाहीत. माह्या घरी रोज बोलतेत.

१३ नोव्हेंबर

दाब १३६/८६. खाली आला!

काल धम्मशीलाच्या टीव्हीवर पट्टी आली. कोर्टाच्या आदेशानं ३० तारखेपासून रेकॉर्डिंगची सोय बंद. गल्लीत कल्ला. विमलबाई तं रडालेच लागली, तिच्या मालिकेतल्या सुनेले आता कुठं दिवस गेले होते.

प्रसेनजितचा फोन आला, तो सगळ्यायले ऐकू येईल असा लावला. मी भिंतीपाशी लसूण सोलत होती, मले बी आलं. डबा बनवणाऱ्या कंपनीवर दुसऱ्या कंपनीनं केस टाकली होती. चालू कार्यक्रम थांबवाची, मागं न्यायची जी युक्ती डब्यात हाय ती आमची हाय, आमच्या नावानं तिचं पेटंट हाय, यायनं न विचारता वापरली, असं त्यायचं म्हणणं. चार वर्षं चाललं. डब्यावाले हारले. आता त्यायले ती युक्ती सगळ्याच्या घरातल्या डब्यातून काढून घ्या लागते.

"पन मी तं डबा पुरे पैसे देऊन घेतला ना बे," धम्मशीला म्हणे. "माह्यं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं, आई. गिऱ्हाइकाले कोणी विचारत नाही."

आमचे हे मधात बोलले, "जे भरून ठेवलं हाय त्याचं काय?" यायचा आवाज असा आला जसा बैल बसल्यावर येते.

प्रसेनजित म्हणे, "मोठे बाबा, कंपनीचा माणूस नवा डबा घेऊन येईल, फुकटात. त्याच्यात रेकॉर्डिंग नाही. जुना डबा देला तं सगळं गेलं. देऊ नका. घरावरच्या छत्रीची तार काढून ठेवा, म्हंजे वरतून काही येणार नाही. आतलं आहे तसं राहील."

मले तं हासू आलं. बोलणाऱ्याले मधात थांबवाची युक्ती म्हणे एका कंपनीची! मी बेचाळीस वर्षांपासून यायले थांबवते, माह्यावर टाका केस.

रात्री शेवया केल्या, गूळ घालून. यायनं दोन घास खाल्ले.

१७ नोव्हेंबर

दाब १५२/९०.

तार काढली. स्वतः हे शिडीवर चढले, सत्तर वर्षांचे, धम्मशीलानं शिडी धरली. आता त्या टीव्हीवर काहीच नवं येत नाही, ना बातम्या ना मालिका. गल्लीतल्या बाया याच्या बंद झाल्या. धम्मशीला आन तिचा नवरा धम्मरत्न, दोघं जण घरात टीव्ही असून रेडिओ ऐकतेत. एका माणसाच्या लाडासाठी.

आन तो माणूस दोनले जाते आन रिकाम्या खोलीत बसून हिरव्या साडीवाली पाह्यते.

परवा हे खामगावले जाऊन आले, जानरावच्या दुकानात. छत्र्या, डबे, सगळं तोच विकते. म्हणे तिथं ही गर्दी. कोणी नातवाचा वाढदिवस भरून ठेवला होता, कोणी शाळेचं गॅदरिंग, जिल्ह्याच्या चॅनलवर दाखवलेलं. जानराव हात जोडून सांगत होता, "मले काऊन शिव्या देता, दिल्लीले द्या." डब्यातलं बाहेर काढता येते काय विचारलं तं येत नाही. कुलूप हाय म्हणे कंपनीचं.

"असं काय ठेवलं हाय त्यात?" मी विचारलं.

"तुले नाही पाहाचं ना? मंग राहू दे."

मी ताट आपटलं.

२२ नोव्हेंबर

दाब १५८/९४.

धम्मशीला आन धम्मरत्न शेगावले गेले. तिच्या बहिणीच्या नातवाचं नामकरण. तीन दिवस. चावी माह्या खुंटीले टांगली. आम्ही दोघी जावा बोलो नाही बोलो, चावीचं हे असंच चालत आलं. सासूनं लावून देलेली रीत.

जाताना म्हणे, "बाई, तेवढं डब्याले कोणाले हात लावू देऊ नका. दादाचा जीव हाय त्यात."

"दिसते मले."

"मंग एकदा बसा ना. मी आत्ता लावून देते, पाच मिनिटं लागतेत. तुम्हाले वाटते तसं..."

"मले नाही पाहाचं. रोज भिंतीवरून जेवढं दिसते तेवढं पुरे झालं."

तिचं तोंड उतरलं. एस.टी. आली म्हून गेली.

२३ नोव्हेंबर

दाब १२८/८०. महामायेले फोन करून सांगतलं. ती म्हणे, "आई, बरं वाटून राह्यलं असंल ना?" लय बरं.

सकाळी कंपनीचा माणूस आला, फटफटीवर मागं डब्यांची गोणी. हे दिवसभरासाठी हरभऱ्यावर फवारा माराले गेले होते. त्यानं धम्मशीलाचं नाव वाचलं, घर विचारलं. मी चावी काढली.

माणूस चांगला होता. त्यानं विचारलं, मी खोटं लिहणार नाही. "आजी, आत काही ठेवाचं हाय काय? गेलं तं वापस भेटत नाही."

"काही नाही. काढ."

"घरचे लोक नाही म्हणतेत कधी कधी. विचारून घ्या."

"मी घरचीच हाय. मोठी जाऊ. सही कुठं करू?"

सही केली. तानाबाई, चांगली सातवीतली सही. जुना डबा त्यानं गोणीत टाकला, तो कोणाच्यातरी डब्यावर आदळून वाजला. नवा लावला. तार बी जोडून गेला. मोठं स्वच्छ चित्र दिसून राह्यलं.

मी जाऊबाईच्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा तिच्या घरी एकटीनं बातम्या पाह्यल्या.

२४ नोव्हेंबर

दोनले हे खुंटीवरची चावी घेऊन गेले.

पाच मिनिटांत वापस आले. चावी खुंटीले अडकवली. दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा अडकली.

मी तयारच होती. काय बोलाचं ते सगळं जमवून ठेवलं होतं. यायनं काही विचारलंच नाही. ओसरीवर बसले. मी म्हणलं, चहा ठेवू काय? तं म्हणे, ठेव. पेले. साखरेचं काहीच बोलले नाहीत.

दाब मोजाले यंत्र काढलं आन तसंच ठेवलं.

२५ नोव्हेंबर

धम्मशीला सकाळच्या गाडीनं आली. पाच मिनिटांनी माह्या दारात.

"बाई, डबा?"

"देला. तुह्या चावीनं दार उघडलं आन देला. बोल काय बोलाचं ते."

मले वाटलं भांडंल. ती उंबऱ्यावरच बसली.

"काऊन देला वं बाई?"

"माह्या नवऱ्यानं रोज तुह्यं तोंड पाह्यलेलं मले चालत नाही म्हून!"

"माह्यं तोंड?" ती पाह्यतच राह्यली. "बाई, माह्यं तोंड तं ते पुढं पळवत. मी आली की बटन दाबत, जोरात. एकदा मीच म्हणलं, दादा, मले जरा तरी बोलू द्या."

"मंग हिरव्या साडीवाली कोण?"

"साडी माही. बाई तुम्ही."

मी तिच्यासमोर खाली बसली.

"दुसऱ्या रविवारी दाखवला तुमचा उखाणा. सगळ्यात शेवटी. तुम्ही मेहकरले गेलत्या. साऱ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आल्यावर सांगाले गेली तं तुम्ही दार लावलं. मंग दादाच म्हणले, नको सांगू. तिले कळलं तं ती लाजंल आन पुसाले लावंल. तुम्हाले कोणी काही सांगत नाही, बाई. तुम्ही ऐकतच नाही. विमलबाईनं कितीदा हिंट देला."

"मोबाईलमध्ये काऊन नाही घेतलं?" मले तवाच हे सुचलं, एवढं वर्षभर त्या मोबाईलले नावं ठेवली.

"घेतलं होतं एकदा. नुसते पट्टे आले. प्रसेनजित येणार होता तीस तारखेले, पडद्यावरून नीट उतरवून घेणार होता. म्हून तं तार काढून बसलो आम्ही."

ती शिव्या देऊन गेली असती तं बरं होतं. चहा न पेता गेली, एवढंच.

२६ नोव्हेंबर

यायले न सांगता खामगावले गेली. पहिल्या गाडीनं.

जानरावच्या दुकानात मागच्या खोलीत लोकायच्या जुन्या डब्यांची थप्पी, माह्या डोक्याएवढी. सगळे एकसारखे काळे. मी म्हणलं, पिंपळगावचा दे, तीन दिवसाआधी आणलेला.

"आजी, आल्या आल्या पुसाचा हुकूम हाय. हे सगळे रिकामे हायेत."

"पाहून तं घे."

त्या बिचाऱ्यानं नंबर पाहून डबा शोधला. टीव्हीले जोडला. एक निळं चित्र आलं आन खाली लिहेल, काही नाही. गर्दीतले दोनचार जण थांबले, पाह्यले, आपल्या कामाले लागले.

"काय होतं आजी त्यात? नातवाचं काही?"

"म्हातारी होती एक," मी म्हणलं.

येताना गाडीत बसाले जागा भेटली, तरी उभी राह्यली.

२८ नोव्हेंबर

दाब लिहत नाही. महामायेनं ओरडाचं ते ओरडावं.

कालपासून यायले सांगाचं म्हणते, चुकलं म्हून. शब्द येतेत आन वापस जातेत. हे बी रागावत नाहीत. दोन वाजले की उठतेत, चपलेपाशी जातेत, मंग आठवते, मंग बसतेत. ते पाहावत नाही.

आज जेवताना मीच म्हणलं, "मले सांगाले काय झालं होतं?"

"तू त्या रविवारीच म्हणली होती, त्या कार्यक्रमाचं नाव काढलं तं खबरदार."

"म्हून एक वर्ष ऐकाचं काय?"

"तुह्यं ऐकाची सवय हाय मले."

३० नोव्हेंबर

दाब १५६/९२.

आज साऱ्यायच्या डब्यातलं रेकॉर्डिंग बंद झालं. विमलबाईच्या मालिकेतली सून बाळंत झाली की नाही, कोणाले माहीत नाही.

मी दीड वाजता धम्मशीलाकडं गेली. "हिरवी साडी दे," म्हणलं. तिनं विचारलं नाही, काढून देली. वरतून पदर बी तिनंच नीट केला. मी करू देला.

दोन वाजले. हे चपलेपाशी गेले. मी म्हणलं, "बसा तिथं." खुर्ची माह्या ओसरीवर मीच ठेवली होती. धम्मशीला आन धम्मरत्न भिंतीवरून पाह्यत होते, विमलबाई समोरून. पाहू दे.

त्या दिवशी माईक होता, पन नाव घेणं सोपं होतं, कारण वाटलं होतं एकदाचं घेतलं की झालं. मी डोळे मिटले आन म्हणून टाकलं:

लाल मिरची कांडली, ठसकलं सारं गाव,
एकदाच सांगते, ऐकून घ्या, सहदेव त्यायचं नाव.

विमलबाईनं टाळ्या वाजवल्या. यायनं मान डावीकडं केली. बैल पसंत नाही पडला की करतेत तशी.

"काय झालं?"

"'एकदाच' म्हणताना तिनं बोट वर केलं होतं."

"कोणी?"

"तिनं. आन डोळे मिटले नव्हते. सरळ लिंबाकडं पाह्यत होती, मी उभा होतो तिकडं. आन नाव घेतल्यावर जरा थांबली, मंग नाकातल्या नाकात हासली."

"मी हासली नाही."

"हासली होती. तीनशे वेळा पाह्यलं."

मी पुन्हा म्हणलं. बोट वर करून, डोळे उघडे ठेवून. यायनं ऐकलं. दोन बोटं गोल फिरवली, रिमोटवर मागं नेतेत तशी.

"मी काय डबा हाय काय?"

"परत," हे म्हणले.

तिसऱ्यांदा म्हणलं. जरा जमलं असंल, कारण यायचे कान लाल झाले. चहा पेताना साखर कमी हाय म्हणले. मंग उठता उठता, बैलाले म्हणतेत तसं हळूच, "तिचं बरं होतं."

एवढं तिचं कौतुक! बेचाळीस वर्षांत मी कधी अशी हासली ते मलेच माहीत नाही, आन ती मेली एका मिनिटात हासून गेली. रोज दोनले यायले घरातून नेत होती. मीच सही करून तिले गोणीत घातलं.

कशी दिसत होती, एवढं एकदा पाहाले पाह्यजे होतं.

साडी धुवून वाळत टाकली. धम्मशीलाले म्हणलं, आणखी काही दिवस राहू दे माह्याजवळ.